कपाट सात, वरून दुसरी फळी

नोटीस मीच लिहिली, मार्करने,
'पुढील सूचनेपर्यंत'.
चिकटपट्टी संपली, एक कोपरा सुटाच राहिला.
मीठबंदरकडून वारा सुटला की तो काचेवर टकटक करायचा
आणि मी आतून म्हणायचे, आज बंद आहे हो.

वर, तालमीच्या हॉलमध्ये, तांदळाची पोती आली.
स्पर्धेसाठी रंगवलेला आमचा राजवाडा
भिंतीकडे तोंड करून उभा,
त्याच्या कमानीत तूरडाळ.
हरेश्वर भोईर, दुसऱ्या अंकातला प्रधान,
रोज पिशव्या भरायला यायचा.
दोन किलो तांदूळ, पाव किलो मीठ, 'महाराज, दूत आलाय',
मास्कच्या आत, पाठांतर जाऊ नये म्हणून.

तबल्याचा वर्ग फोनवर.
तांडेल सर 'धा' म्हणत
आणि आठ घरांतून आठ वेळा धा येई,
मूठभर चणे जिन्यावर सांडावेत तसा.
चौथ्या दिवशी सर म्हणाले, सम राहू द्या आता.
एकेकाने वाजवा. मी जागाच असतो.

परत आलेली पुस्तकं तीन दिवस
कॅरमबोर्डामागे, तारखेची चिठ्ठी लावून.
पेपर बंद झाले तेव्हा इस्माईल रिकामी सायकल घेऊन
दारात उभा राहिला, म्हणाला, द्या काहीतरी.
कोपरीतल्या दोरीच्या टोपल्या त्याला पाठ होत्या.
महिन्याभरात कोण काय वाचतं तेही पाठ झालं.
'दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना भुतांची लागतात,'
तो मला हळूच सांगायचा.

सभासद क्रमांक एकशे चौदा, कुमुदिनीबाई गुप्ते.
कुठलं पाठवू, मी विचारलं.
'नाव ठरवून मी कधी आलेय का गं?
फळीसमोर उभी राहते, मान वाकडी करते,
मग एखादं हाताला लागतं.
तू चाल. सात नंबर, वरून दुसरी. वाचत जा.'

मी चालले. फोन कानाला, मान वाकडी,
पाठीवरची नावं एकेक मोठ्याने,
जिथे अक्षरं उडालीत तिथे 'हे दिसत नाही' असं.
'थांब. मागे ये. ते निळं?'
आता राखाडी झालंय, बाई.
'वास घे.'
मास्क आहे.
'काढ की. एकटीच आहेस ना तिथे?'

डांबरगोळी. ओल.
मधल्या पानांना कुणाच्या तरी तपकिरीचा.
पलीकडून बराच वेळ काही नाही.
'मला चार दिवस कशाचाच येत नाहीये.
कॉफीचासुद्धा नाही. कुणाला बोलू नकोस.
पुढचं सांग.'

पुढचं सांगितलं. त्याच्या पुढचंही.
खळीचा, करंजेलाचा, एकाला चक्क लोणच्याचा.
अंधार पडेपर्यंत अर्धी फळी झाली.
पुस्तक तिने एकही मागितलं नाही.
मी रात्री तिच्या सुनेला फोन केला. सांगितलं सगळं.
बोलू नकोस म्हणाली होती, तरी.

सकाळी तिला बाळकुमला नेलं.

त्यानंतर चार वाजता मी कुणाकुणासाठी चालत राहिले,
पाककृतींचं कपाट, प्रवासांचं,
आठवीतल्या एका मुलासाठी नकाशांचा खण.
सात नंबरला मात्र जात नव्हते.
तिथे एक पुस्तक अर्धं बाहेर ओढलेलं होतं,
झाडताना त्याला वळसा घालायचे.

सोळाव्या दिवशी फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही.
प्रत्येक शब्दाला एक श्वास खर्च होत होता.
'सात. वरून दुसरी.
कुठवर
आलो होतो आपण?'

वरच्या कडेला धूळ बसली होती. फुंकर मारली.
'आवाज कसला गं?'
काही नाही, म्हटलं.
'बरं.
तुझ्यावर रागावलेय मी.
वास सांग.'