मुख्य घर

डुलुथला नोव्हेंबरातच तळं वाफाळू लागतं.
कार्स्टननं दारात भला मोठा पंखा बसवला,
घरातली हवा बाहेर ओढली,
आणि उदबत्तीसारखी कांडी पेटवून
खोल्याखोल्यांतून फिरला.

धूर सरळ चढेना.
खिडकीपाशी मागे सरला, प्लगपाशी थरथरला,
माळ्याच्या झडपेखाली तर पार विस्कटला.

"एकोणीस हिवाळे," श्रीरंग म्हणाला,
"आपण तळ्यालाच ऊब देत होतो."
गॅसची बिलं मी भरलेली. बोलले नाही.

मग माळ्यावर राखाडी कापूस ओतला,
जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा;
कुणाकुणाच्या बातम्या आमच्या डोक्यावर निजल्या.

एप्रिलात कराचा फॉर्म.
खर्चाचे तीस टक्के परत, बाराशेच्या आत.
पावत्या बिस्किटांच्या डब्यात होत्या, आकडे जुळले.
पेन अडलं एका साध्या प्रश्नाशी:
हे तुमचं मुख्य घर आहे का?

श्रीरंग चहा टाकायला उठला.

आम्ही इथं 'सध्या' राहतो.
फोनवर असंच सांगत आलोय,
भिंतीत खिळासुद्धा भीतभीत ठोकतो.

वारा बाहेरच होता. भट्टी कधीची गप्प.
मी 'हो'च्या चौकटीत खूण केली.
मागच्या पानावरही उमटली ती.