दिवाळे जेट्टी, रेंज नाही

ब्राउझरची पट्टी मी आधीच लपवली होती.
उघडताना पांढरं लख्खकन व्हायचं,
तिथे भरला खाडीचा करडा रंग.
आयकॉन तीनदा बदलला :
खेकडा, मग वही, मग पुन्हा खेकडा.

बेलापूरला टॉवर रग्गड,
दिवाळ्याच्या तिवरांत मात्र रेंज शिरत नाही.
चांगुणाबाईंनी तिथेच, होडीला टेकून,
ओल्या बोटाने नोंद घातली :
चिंबोरी नग अकरा, उधार, सीवूड्सवाली मॅडम.
चक्र फिरत बसलं नाही. लागलीच उतरली.

"मंग ह्यो हिशेब ऱ्हातो कुठं?"
तुमच्याच फोनमध्ये, म्हटलं.
रेंज आली की वर जाईल आपसूक.
"आन् नाय आली तर?"
तर इथेच.
त्यांनी फोन उलटा करून त्याची पाठ पाहिली,
चिकटलेलं एक खवलं नखाने काढलं.

मग होम स्क्रीनवर जोडायचं बटण दाखवलं.
खेकडा येऊन बसला
वॉलपेपरच्या अगदी मध्यावर,
नाखव्याच्या तोंडावर.
त्यांना जाऊन चार वर्षं झाली,
हे मला जेट्टीवरच्या पोराने नंतर सांगितलं.

माझ्या चाचण्यांच्या यादीत हे नव्हतं.

बाईंनी अंगठा दाबून धरला,
खेकडा थरथरला.
ओढत आणला खाली,
टॉर्चच्या शेजारून, घड्याळाला वळसा घालून,
जिथे फोटोतल्या हातात जाळं होतं.
तिथे सोडला.

"आता ते मॅडमचं नाव खोड.
सकालीच दिलं तिनं पैसं."