छर्री

सोयाबीन निघालं की पाठोपाठ लसूण.
रान पंधरा दिवसही रिकामं राहत नाही इथं,
सांवेर सोडल्यावर डाव्या हाताला,
जिथं ओली काळी माती चप्पल धरते
आणि ठेवून घेते.

मी रामबागेतली. लग्नाआधी लसूण म्हणजे
फोडणीपुरत्या चार पाकळ्या.
खुरपं तिरपं घालायचं, सरळ घातलं तर गड्डा चिरतो,
हे मला रेवानं शिकवलं.
तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते.
"आई, आधी माती सैल कर. मग तो आपणच येतो."

फाल्गुन. उपटलेला लसूण ओळीनं निजलेला,
एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर,
ऊन थेट लागू नये म्हणून.
पांघरूण घातलं, म्हणतात याला.
मी नाही, सगळेच म्हणतात.

रेवाची पाचवीची परीक्षा त्याच दिवसांत.
सकाळी पेपर, दुपारी छाटणी,
डाव्या मुठीत पात, उजव्या हातात कात्री
आणि तोंडानं नद्या: चंबळ, क्षिप्रा, काली सिंध.
मॅडम म्हणाल्या, हिचा पेपर मी नाव न बघता ओळखते.
रेवाला वाटलं, अक्षरावरून.

रंगपंचमीला तिकडे राजवाड्यासमोर
गेरीचा रंग तिसऱ्या मजल्यापर्यंत उडत होता
आणि आम्ही पडवीत ढीग लावत बसलेलो.
बम. लाडू. मध्यम.
आणि बोराएवढी ती छर्री.
गेंदाबाई आली, गालावर हिरवा पंजा घेऊन.
"कईं करी रिया हो? आज तो त्योहार हे!"
तुकोजीचे दोन्ही तळवे गुलाबी करून गेली.

तुकोजी सहा वर्षांचा. नाव पणजोबांचं,
उंची कुणाची ठाऊक नाही;
प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे तोच.
त्याला छर्रीचा ढीग दिला होता,
चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं.
इतका वेळ इतका गप्प बसला
की मला शंका यायला हवी होती.

चोइथराम मंडीत व्यापाऱ्यानं
लाडूचं पोतं फरशीवर ओतलं.
मोठ्या गड्ड्यांच्या पायांतून
छर्री घरंगळत बाहेर.
दुसरं पोतं. पुन्हा तेच.
क्विंटलमागे दोनशे तोडले.
तेरा क्विंटल होता माल.

नवरा रात्री आला. पाय न धुता
खिशातून एक काढून ताटाशेजारी ठेवली.
पांढऱ्या सालीवर गुलाबी अंगठा,
एवढासा,
की कुणाचा ते विचारायला नको.

तुकोजीचा घास हातातच राहिला.
"मोठ्यांच्यात घातली तर कळत नाही," म्हणाला,
"मधे घातली होती. अगदी मधे."
"कळतं," रेवा म्हणाली. "व्यापाऱ्याला कळतं."
मी तव्यावरची पोळी उलटली,
ती आधीच एकदा उलटून झाली होती.
सव्वीसशे रुपयांचं त्या घरात
त्या रात्री कुणीच काही बोललं नाही.
दिवा घालवताना नवरा म्हणाला,
"मलाही पुढेच उभं करायचे."

आता कार्तिक. रेवा सहावीत, आणि
लसूण सोलायला बसत नाही, नखं खराब होतात म्हणते.
बियाला मोठ्याच पाकळ्या घेतल्या,
छर्रीतून छर्रीच येते, हे शेंबड्या पोरालाही माहीत.
तरी पाटाच्या कडेला,
जिथं ट्रॅक्टर वळताना पोचत नाही,
एक वाकडी ओळ उगवली आहे.
कुणी लावली ते मी विचारलेलं नाही.

आज सकाळी बादली घेऊन गेले तर
तिथली माती आधीच भिजलेली,
आणि तिच्यात एक चप्पल रुतलेली.
नऊ नंबरची.