धबधब्याकडे जाणाऱ्याला

लेसोथोच्या नकाशावर शोधत बसू नका.
टॅक्सीवाल्याला सांगा: मालिम्फोच्या निशाणापाशी.
काठीच्या टोकाला पांढरं फडकं असेल
तर समजा, आज ज्वारीची बिअर उतरलीय.
फडकं नसेल तरी उतरा.
पुढे रस्ताच नाही.

सेआबाटा घोडं घेऊन येईल.
किती वाजता, ते विचारू नका.
घोड्याचं नाव लेफिफी, म्हणजे अंधार.
घोडं पांढरंधोप आहे. नाव ठेवणारा मेला,
आता विचारायचं कुणाला?
लगाम ओढू नका. वाट त्याला पाठ आहे,
तुम्ही फक्त बसायचं. तेही जमलं तर.

पहिल्या ओढ्यावर तो पाणी पिईल.
दुसऱ्यावर नुसताच उभा राहील. राहू द्या.
दगडी कोंडवाड्यापाशी, भर उन्हात घोंगडं पांघरलेलं
एक पोरगं गोळ्या मागेल.
देऊ नका, दात किडलेत त्याचे.

मग आवाज.
आधी कानात नाही,
घोड्याच्या पाठीतून तुमच्या मांडीत येतो.
कडा एकदम संपते. पोटावर पडून बघा.
सगळे तसेच बघतात. एक मंत्री आले होते,
तेही सुटासकट आडवे झाले,
सेआबाटानं त्यांचे पाय धरले होते.

पाणी पडताना दिसतं, पोचताना दिसत नाही.
मध्येच कुठेतरी त्याचा विचार बदलतो
आणि ते वर येऊन तुमच्या चष्म्यावर बसतं.
फोटोत उंची येत नाही.
भिंतीवर चुना ओघळल्यासारखी
एक रेघ येते फक्त.

कुठला महिना चांगला, सगळेच विचारतात.
मी फेब्रुवारी सांगते.
जुलै सांगत नाही.
जुलैत एखाद्या रात्री तो गोठतो, वरपासून खालपर्यंत,
आणि अख्खं गाव दचकून उठतं
काहीच ऐकू न आल्यामुळे.
कुत्री बाहेर येतात, भुंकत नाहीत.
कुणीतरी उगाच खोकून बघतं.

माझी लिम्फो मासेरूत जीन्स शिवते,
झोप आली नाही की फोन करते:
आई, जरा दाराबाहेर धर ना.
मी धरते.
जुलैतही धरते.
ती तिकडून काही बोलत नाही,
मी इकडून.

घोड्याचे पैसे सेआबाटाला द्या.
बिअरचे मला.