काटा दोनावर

पहिल्यांदा आलं ते कडबाकुट्टीचं चाक.
माझ्या माहेरचं, आरगेतलं,
म्हशी विकल्यापासून गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजलेलं.
हे टेम्पो घेऊन गेले, भावाला म्हणाले,
"फ्लायव्हील आहे हे. तुम्हांला कुणी सांगितलं नाही."
भावाला खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

मग राजदूतचा शॉकअप. सायकलचा एक्सल, छर्र्यांसकट.
मग बाबालालच्या वखारीतून, किलोवर मोजून,
दवाखान्यातला मोडीत निघालेला ऑटोक्लेव्ह.
मिरजेत काय, दवाखाने मरत नाहीत,
त्यांची भांडी मरतात.

दोघांनी उचलून तो अंगणात ठेवला
तेव्हा मी झाकण उघडून आत डोकं घातलं.
एकवीस वर्षं मी ऑपरेशनचे हिरवे गाऊन शिवले,
डझनाचे गठ्ठे बांधून रिक्षानं पाठवले.
ह्यातच उकडले असतील.
वास कसलाच नव्हता.

हे पंपाच्या कारखान्यात टर्नर होते.
एका शतांशाचा फरक अंगठ्याच्या पेराला कळतो,
साखरेचा डबा कुठला ते अजून कळत नाही.

कुकरची शिट्टी मागायला आले, मी दिली नाही.
सेफ्टी व्हॉल्व्ह नवा आणा म्हटलं, पावतीसकट.
आणला. पावती डाळीच्या डब्याखाली ठेवली आहे.
आधी गार पाणी भरून हातपंपानं दाब दिला,
एक दिवस, एक रात्र.
झोपेतून उठून बॅटरी घेऊन बघून यायचे
कुठं घाम फुटलाय का.

मग रविवार.
बाभळीच्या ढलप्या, मक्याची बुरकुंडं.
काटा तीसवर गेला, हे झडप उघडणार
म्हणून शेजारचा अर्शद कानांत बोटं घालून उभा.
चाक अर्धं फिरलं,
आणि उलटं आलं.
फुस्स.
पुढचा रविवार, तेच. त्याच्या पुढचाही.
हे जेवताना बोलेनात. ताटात खडूनं काढावं तशी
आमटीत बोटानं वर्तुळं काढायचे.

तिसऱ्या फुस्सला मी मशीनवरून उठले.
म्हटलं, झडप आणि दट्ट्या एकदमच पळतायत.
सुई खाली गेली की शटल लगेच धावत नाही हो.
सुई तळाला जाते, जराशी वर येते,
धाग्याला पोट सुटतं,
तेव्हा टोक आत शिरतं.
दोघं एकाच वेळी निघाले तर टाका पडत नाही,
सुई मोडते.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं,
मायक्रोमीटरकडं बघतात तसं,
एक डोळा बारीक करून.
काही बोलले नाहीत. पाना घेतला,
एक्सेंट्रिकचा स्क्रू ढिला केला,
पाव फेरी पुढं, आणि वर तसूभर.

आधी खोकून गढूळ पाणी थुंकलं. माझ्या पायावर.
मग ताक घुसळल्यासारखा आवाज आला,
मग ताकावर लोणी यायच्या वेळचा, जड, भरलेला,
आणि कडबाकुट्टीच्या चाकाचे चार आरे
दिसेनासे झाले.

चौगुले सर गेटवरून म्हणाले,
"पण मिस्त्री, याचा उपयोग काय?"
ह्यांच्या हातात तेलाची बुधली होती.
म्हणाले, "फिरतंय की."

अठरा मिनिटं.
काचेतलं पाणी खाली आलं तसं ह्यांनीच निखारे ओढले.
अर्शद म्हणाला, परत.
हे म्हणाले, पुढच्या रविवारी, आणि आत जाऊन
शर्टानंच तोंड पुसलं, तो शर्ट मी शिवलेला.

संध्याकाळी दिवा लावायला अंगणात गेले
तर सगळं गार. चाकाला हात लावून बघितला.
काटा मात्र दोनावर.
शून्यावर तो येतच नाही, दवाखान्यातूनच तसा आलाय.
हे म्हणतात, उघडून नीट करतो.
मी म्हटलं, राहू दे.