फार्रापोची नोंद

मिंदेलोच्या धक्क्यावरून दोर सोडला तेव्हा
त्याला वाटलं, नेहमीसारखं फिरायला निघालोय,
अंधार पडायच्या आत परतू.
मीही काही बोलले नाही.

फार्रापो. आमच्या गालिसियात चिंधीला म्हणतात.
विगोच्या बस डेपोत, डिझेलच्या पिंपामागे सापडला
तेव्हा होताच तसा, एक कान, दीड रंग.
आता तो अकरा वर्षांचा. मी त्रेसष्ट.
ब्राइस म्हणाला होता, त्याला बहिणीकडे ठेवू.
मी म्हणाले, मग मलाही ठेव.

कागद सगळे होते. मानेत चिप,
रक्ततपासणीचा शिक्का, जंतांच्या गोळीची तारीख,
निळा पासपोर्ट, ज्यातल्या फोटोत
तो माझ्यापेक्षा बरा दिसतो.
एकच गोष्ट कुठल्या कागदावर नव्हती.
बोटीवर तो लघवी करेना.

तयारी केली होती. प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा,
पायपुसण्याएवढा,
आठवडाभर धक्क्यावरच्या त्या खांबाशी ठेवला होता
जिथे गावातली सगळी कुत्री सही करून जातात.
मग तो डोलकाठीच्या पुढे बांधला.
फार्रापोने हुंगला. माझ्याकडे पाहिलं.
असं पाहिलं,
जसा चांगल्या घरातला पाहुणा
मोरीत पान वाढल्यावर बघेल.

अकरा तास. अठरा तास.
शीड भरलेलं, लाटा मागून ढकलतायत,
असला वारा मागून मिळत नाही,
आणि आम्ही दोघं शहाणी माणसं
एका कुत्र्याच्या पोटाकडे बघत बसलेलो.
ब्राइसने शीळ घातली. बादलीत धार सोडून दाखवली.
शेवटी अंधाराचा आडोसा बघून
स्वतः त्या हिरवळीवर उभं राहून धडा दिला.
मी टॉर्च दुसरीकडे धरला.

तीस तास. सॅटेलाइट फोनवर सबेला, आमची मुलगी:
"त्याला विचारलं होतंस का, आई?"
मध्ये खरखर. मग पुन्हा,
"विचारलं होतंस?"

काय विचारणार होते?
पलीकडे किनारा आहे हे मला नकाशाने सांगितलंय.
त्याच्या लेखी जमीन मागे पडली, संपली,
आणि मी, जिच्या हातून तो अकरा वर्षं खातोय,
तीच त्याला घेऊन चाललेय
जिकडे काहीच नाही तिकडे.
तरी शेपूट हलवत होता.
पोट दगडासारखं, आणि शेपूट.

त्या रात्री मी म्हटलं, परत फिरू.
ब्राइसने नुसतं शिडाकडे बोट केलं.
परतीची वाट वाऱ्याच्या तोंडात होती.

पहाटे पहाऱ्यावर मी एकटी.
एक उडता मासा डेकवर आपटला, फडफडला.
फार्रापो दचकून उठला, धावला, घसरला,
त्याच्या जाकिटाची मूठ धरून
मी त्याला बाजाराच्या पिशवीसारखा उचलला,
आणि तिथेच, हिरवळीच्या वीतभर अलीकडे,
माझ्या बुटावर,
छत्तीस तासांचं सगळं. ऊन ऊन.

मी ओरडले. ब्राइस धडपडत वर आला,
त्याला वाटलं, कोणीतरी पाण्यात गेलं.
मग नोंदवहीत शाईने लिहिलं:
पाच वाजून दहा मिनिटं. सोळा अंश उत्तर,
अठ्ठावीस पश्चिम. वारा ईशान्येचा.
फार्रापोने केली.

सतराव्या दिवशी मार्टिनिक.
कस्टमच्या बाईने मानेवर यंत्र फिरवलं, टुक्क वाजलं, जा म्हणाली.
धक्क्यामागे खरं गवत. ओलं, गुडघाभर,
त्यात कोणाच्या तरी कोंबड्या.
फार्रापो चारी पाय फाकवून उभा राहिला,
जमीन आता कलेल, मग कलेल.
एक फेरी घातली. दुसरी. हुंगलं, सोडलं.
माझ्याकडे पाहिलं.
ती नजर ओळखीची होती.

शहाळीवाली म्हातारी हसून हसून बाकावर बसली
तेव्हा मी बोटीवरून तो तुकडा घेऊन येत होते,
मिठाने कडक झालेला, कडा उसवलेला.
एवढ्या सगळ्या गवताच्या मधोमध
तो अंथरला.

ब्राइसने पाठ फिरवली.
मीही.