मानशीची राखण

बांबोळीला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर लवीना मिनेझिस यांनी कागदावर मेंदू काढला.
नीट नाही काढला. फणसाचा गरा वाटला मला.
त्यात बारीक ठिपके. 'हे राखणदार,' म्हणाल्या,
'कचरा उचलतात, जंतू मारतात,
काम संपलं की पाय दुमडून बसतात.
तुमच्या वडिलांचे बसेनात.'

बाबा शेजारी. शर्टाचं तेच एक बटण
लावत, काढत, लावत.

मला चोडणचं खाजन आठवलं.
अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी,
मध्ये चिखलाचा बांध, आणि बांधात मानस:
भरतीला मिटणारं, सुकतीला उघडणारं लाकडी दार.
सगुण कुंडईकर, म्हणजे हे बटणवाले,
तिची राखण चाळीस वर्षं.
आधी कंदील, नंतर टॉर्च.
कुर्ली बांधात बीळ करते, बोट जाईल एवढं.
एका भरतीत त्यातून नदी आत येते
आणि पुढची तीन वर्षं शेत मिठाने आंधळं.
बाबा बीळ कानाने शोधायचे,
गुडघे टेकून, गाल चिखलाला लावून.

समजा, डॉक्टर, म्हटलं मी
(म्हटलं नाही, परतताना फेरीवर सुचलं),
समजा, राखणदाराचीच झोप उडाली.
कुर्ली गेली कधीच, हा कुदळ घेऊन
इथे खणतोय, तिथे खणतोय,
बीळ शोधतोय,
आणि नदी येते ती
त्याने खणलेल्या खड्ड्यातून.

हे कळलं, पण कळून काय.

शिमग्याच्या आठवड्यात एका रात्रीत
बाबा पार बुडाले.
मला ओळखलं नाही, ते तर जुनं झालं होतं.
भिंतीवर ओरडले, पाणी आलं, पाणी आलं,
पलंगाच्या कडेने उशा रचल्या,
वर माझी साडी, वर देव्हाऱ्यातलं पाट.
काकांनी कौल लावायचं ठरवलं.
मी पहिली फेरी गाठली.
अंग फारसं तापलेलंही नव्हतं.
निघालं काय? लघवीत जंतू.
बोट जाईल एवढं बीळ.

सलाईन. सात दिवसांचं औषध.
डॉक्टर सरळ बोलणाऱ्या:
'सूज उतरवायच्या गोळ्या या आजारावर
लोकांनी पुन्हा पुन्हा करून पाहिल्या.
अजून हाती काही लागलेलं नाही.
शोध चालू आहे, मी खोटं सांगणार नाही.
पण बाहेर कुठेही पेटलं की आत धूर जातो.
हिरड्यांतून रक्त येतंय, ते बघा.
साखर बघा. पाणी पाजा. चालवा.'

एवढंच? असं तोंडात आलं होतं माझ्या.
बिलाच्या मागे लिहून घेतलं,
फ्रिजवर लावलं, मासळीवालीच्या हिशेबाशेजारी.

पाचव्या दिवशी, दुपारी,
खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत
बाबा म्हणाले,
'मानस धांपली गो?'

नाव नव्हतं त्यात.
पण 'गो' होतं.
दीड वर्षात कुणाला 'गो' म्हटलं नव्हतं त्यांनी,
मला, आईच्या फोटोला, नर्सना,
सगळ्यांना नुसतं 'ओ'.

धांपली, बाबा.
लाकडी दार कधीच कुजलं, तिथे सिमेंट आलंय,
शेतात आता पाणीच उभं असतं, बगळे असतात.
डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत.
मी बोलले.

'बरं केलंस,' म्हणाले, आणि झोपले.
ते 'गो' पुढे दोन दिवस टिकलं.
मग पुन्हा बटण.

रोज रात्री जेवणानंतर
त्यांना खुर्चीत बसवते, मऊ ब्रश, कोमट पाणी.
त्यांचाच टॉर्च, त्यात नवे सेल.
आ करा, बाबा. अजून. अजून थोडं.
समोर गुडघे टेकून
दाढेच्या मागे लाल काही दिसतंय का बघते.
कधी कधी चावतात.